पहिला गेम बनवायचाय? छोटा बनवा, लोकांच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा



"सर, मला मारिओसारखा उड्या मारायचा गेम बनवायचाय, पण आपल्या मातीतला. थोडी बचत आहे. नोकरी सोडून करू का?" असा प्रश्न आता लोणचं-मसाल्याच्या प्रश्नांइतकाच नेहमीचा झालाय. म्हणून आज त्यावरच सविस्तर बोलू.

उत्तर आधीच सांगून टाकतो. गेम करा, नोकरी सोडू नका. बचत मोडू नका, मित्राकडून उसने घेऊ नका आणि बायकोचे दागिने तर अजिबात नकोत. पहिला गेम ही तुमची फी आहे. त्यातून दोन गोष्टी शिकायच्या असतात. एक, हातात घेतलेली वस्तू पूर्ण करणं. दोन, गिऱ्हाईक ती वापरत असताना काय होतं ते डोळे उघडे ठेवून बघणं. दुसरी गोष्ट शिकलेला माणूस पुढे गेम विको नाहीतर खाकरे विको, तो उपाशी राहत नाही.

आधी वही उघडा, मग कॉम्प्युटर

रोज संध्याकाळी दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, असे आठ आठवडे धरा. झाले ९६ तास. तुमच्या एका तासाची किंमत २०० रुपये धरली, तर १९,२०० रुपये तुम्ही या गेममध्ये घातले. खिशातून गेले नाहीत म्हणून ते फुकट होत नाहीत. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण सहाव्या आठवड्यात "अजून दोन महिने दिले तर भारी होईल" असा मोह होतो तेव्हा हाच आकडा तुम्हाला जागं करतो.

रोख खर्च मात्र जवळजवळ शून्य ठेवता येतो. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचं लायसन्स खुलं आहे आणि उद्या गेम विकला तरी त्यांना हिस्सा द्यावा लागत नाही. साधा लॅपटॉप चालतो. चित्रं काढता येत नसतील तर केनी नावाच्या संकेतस्थळावर सीसी-शून्य परवान्याची शेकडो चित्रं आणि आवाज आहेत, ते धंद्यातही वापरता येतात. पण सिनेमातलं गाणं, मारिओचं चित्र, गुगलवर सापडलेला फोटो यातलं काही उचलायचं नाही. दुसऱ्याच्या मालावर आपलं लेबल लावून दुकान चालत नाही, इथेही तोच नियम.

एका वाक्यात सांगता आला पाहिजे

आज उदाहरणासाठी एक गेम कल्पून घेऊ. कोकणातलं गाव, पावसाळा, कौलारू घरं. एक मांजर छपरावरून छपरावर उड्या मारत घरी पोचते. वाटेत कावळे येतात, त्यांना पंजा मारायचा. ओल्या कौलावर पाय घसरतो. मांजरीचं नाव मनी. (पैशातला मनी नव्हे, तो नंतर!)

झालं, हा पूर्ण गेम आहे. धावणं, उडी आणि पंजा अशा तीन क्रिया. कावळा आणि घसरडं कौल असे दोन धोके. लेव्हल पाच. यापेक्षा जास्त काही सुचलं तर वहीच्या मागच्या पानावर "दुसरा गेम" असं लिहून तिथे टाका. मनीला सहा पोशाख, दुकान, चार गावं, शेवटी राक्षस, ऑनलाइन स्पर्धा... सगळं मागच्या पानावर.

लहान म्हणजे हलकं असा गैरसमज करून घेऊ नका. सेलेस्ट हा २०१८ साली आलेला आणि जगभर गाजलेला प्लॅटफॉर्मर बघा. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी त्याचं मूळ रूप चार दिवसांत बनवलं होतं. तेही पिको-८ नावाच्या अगदी मर्यादित साधनावर, जिथे पडदा फक्त १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा आणि रंग सोळाच. आधी चार दिवसांचा नमुना झाला, तो लोकांना आवडला, मग मोठा गेम. आपण उलटं करतो. आधी मोठा गेम डोक्यात, मग दोन वर्षं कुणालाच काही दाखवायचं नाही.

उडी जमली तर गेम जमला

वडापावच्या गाडीवर बोर्ड कितीही चकचकीत असू दे, वडा बरा नसेल तर गिऱ्हाईक परत येत नाही. प्लॅटफॉर्मरमध्ये वडा म्हणजे उडी. खेळणारा पूर्ण गेमभर तीच एक गोष्ट करणार आहे. त्यामुळे पहिले दोन आठवडे चित्र नाही, संगीत नाही. एक राखाडी चौकोन, काही आडव्या पट्ट्या आणि उडी, बस्स.

गोडोमध्ये चालणाऱ्या-उडणाऱ्या पात्राचा तयार नमुना मिळतो. तो घेतला की दहा मिनिटांत चौकोन उड्या मारायला लागतो. पण ती उडी बेचव असते. तिला चव आणणाऱ्या या पाच गोष्टी.

१. बटण किती वेळ दाबलं तशी उडी. पटकन सोडलं तर छोटी, धरून ठेवलं तर मोठी. याने खेळणाऱ्याला वाटतं की मांजर माझं ऐकतेय.

२. खाली येताना जास्त ओढ. वर जाताना आणि खाली येताना गुरुत्वाकर्षण सारखंच ठेवलं की पात्र फुग्यासारखं तरंगतं. उतरताना ते वाढवा, वजन जाणवायला लागतं.

३. कडेवरची सवलत. पाय छपराच्या कडेवरून सुटल्यावरही क्षणभर उडी मारू द्यायची. याला कायोटी टाइम म्हणतात. कार्टूनमधला तो कायोटी कड्यावरून पुढे जातो आणि खाली बघेपर्यंत हवेतच थांबतो, त्यावरून हे नाव. सेलेस्टमध्ये ही सवलत साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी आहे. खेळणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, पण काढून टाकली तर "बटण दाबलं तरी उडाली नाही" ही तक्रार लगेच येते.

४. आधी दाबलेलं लक्षात ठेवणं. जमिनीला पाय टेकायच्या जरा आधी बटण दाबलं, तर ते वाया घालवू नका. टेकताक्षणी उडी मारा.

५. धोक्याचा आकार चित्रापेक्षा थोडा लहान. कावळ्याच्या पिसाला शेपटी घासली म्हणून मनी मरता कामा नये. उलट मासोळी, दुधाची वाटी अशा बक्षिसांचा आकार चित्रापेक्षा थोडा मोठा ठेवा.

पाचही गोष्टींत तत्त्व एकच आहे. खेळणारा अगदी थोडक्यात चुकला, तर माप त्याच्या बाजूने झुकू द्या. किलोवर दोन टोमॅटो जास्त टाकणारा भाजीवाला आठवा, आपण त्याच्याकडेच परत जातो ना?

आणि मेल्यावर लगेच परत सुरू. २०१० सालच्या सुपर मीट बॉयमध्ये माणूस शेकडो वेळा मरतो, तरी खेळत राहतो, कारण मेल्यावर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तो परत सुरुवातीला उभा असतो. "गेम ओव्हर"ची पाटी, मग मेनू, मग परत लोडिंग, हा सगळा प्रकार म्हणजे दुकानाच्या दारात गिऱ्हाईकाला ताटकळत ठेवणं.

पहिली लेव्हल म्हणजे न बोलणारा विक्रेता

१९८५ सालच्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल उगाच नावाजली जात नाही. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे कुठे जायचं ते न सांगता कळलं. थोडं पुढे गेलं की गूम्बा समोरून चालत येतो. उडी मारली नाही तर मेलात, पण सुरुवातच असल्याने नुकसान चार सेकंदांचं. मग ठोकळा फोडला की त्यातून मशरूम निघतो, उजवीकडे घरंगळतो, पाइपला आपटतो आणि तुमच्याकडेच परत येतो. नवख्या माणसाला तो टाळणंच अवघड जातं. मिळाला की मारिओ मोठा होतो आणि कळतं की हा चांगला. सूचनांचं एक वाक्यसुद्धा नाही.

आपल्या मनीच्या गेममध्ये हेच करायचं. पहिलं छप्पर रुंद, दुसरं जवळ, मधली फट लहान आणि फटीखाली गवताचा भारा, पडलं तरी मरण नाही. घसरडं कौल पहिल्यांदा दाखवाल तेव्हा आसपास कावळा नको. आधी एक धोका एकटा दाखवा, मग त्यात थोडी भर घाला, मग दोन धोके एकत्र करा. "घसरड्या कौलावर सावध राहा" अशी पाटी लावायची वेळ आली, तर समजा की लेव्हल अजून कच्ची आहे.

आता गेम लोकांच्या हातात, आणि तुमच्या तोंडाला कुलूप

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, दोन लेव्हल जेमतेम तयार असताना, चित्रं अर्धवट असताना, गेम दाखवायचा. "अजून पूर्ण नाही, नंतर दाखवतो" हे वाक्य बंद. पूर्ण झाल्यावर दाखवलात तर काही बदलायची तुमची इच्छाच उरत नाही.

कुणाला दाखवायचं? घरच्यांना दाखवा, पण तो अभिप्राय म्हणून मोजू नका. आई "छान केलंस हो" म्हणणारच, तिचं तिथे काम तेच आहे. शेजारचा दहावीतला मुलगा, ऑफिसातला मोबाइल गेम खेळणारा सहकारी, कधीच गेम न खेळणारी एखादी काकू आणि दोन सराईत खेळाडू असे पाच जण निवडा. पाचच का? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं की पाच जणांना वापरायला दिलं की बहुतेक ठळक अडचणी समोर येतात. त्यानंतर तेच तेच दिसायला लागतं. म्हणून पंधरा जण एकदम बसवण्यापेक्षा पाच जण, मग दुरुस्ती, मग नवे पाच जण, असं करा.

बसताना हे नियम पाळा.

• लॅपटॉप त्यांच्या समोर, तुम्ही बाजूला जरा मागे. हातात वही.

• सुरुवातीला एवढंच सांगा: "हा कच्चा गेम आहे. चूक तुमची नाही, गेमची शोधायची आहे. जे मनात येईल ते मोठ्याने बोला."

• त्यानंतर गप्प. "अहो, तिथे उडी मारा", "तो कावळा आहे" असं काहीही बोलायचं नाही. गेम विकल्यावर प्रत्येक गिऱ्हाईकाच्या शेजारी बसायला तुम्ही जाणार आहात का?

• अडकले तर दोन मिनिटं अडकू द्या. ती दोन मिनिटं तुमच्यासाठी सोन्याची आहेत. मग मदत करा आणि वहीत "इथे मदत लागली" लिहा.

• कुठे मेले, किती वेळा, कुठे हसले, कुठे फोन बघायला लागले, सगळं लिहा.

• शेवटी "आवडला का?" विचारू नका, आपली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्याऐवजी विचारा: "सगळ्यात जास्त वैताग कुठे आला?", "कुठे मजा आली?", "मी आत्ता उठून गेलो असतो तर तुम्ही पुढे खेळला असता का?"

गप्प बसणं खूप जड जातं, हे आधीच सांगून ठेवतो. तीन आठवडे जीव ओतून केलेल्या लेव्हलवर कुणी "हे काय करायचंय?" असं म्हणालं की छातीत कळ येते. येऊ द्या. ती कळ घरच्या लॅपटॉपवर फुकटात येतेय. हीच गोष्ट विक्री सुरू झाल्यावर कळली असती तर पैसे देऊन कळली असती.

पेशंटने सांगितलेलं लक्षण घ्या, औषध तुम्ही ठरवा

समजा, मनीच्या दुसऱ्या लेव्हलवर पाच जणांकडून हे आलं:

पहिला: "मांजरीला डबल जंप द्या."
दुसरी: "फार अवघड आहे, मला असले गेम जमतच नाहीत."
तिसरा: "तिसऱ्या छपरावर उडी लागतच नाही, बग आहे."
चौथा: "छान आहे. कावळे कमी करा."
पाचवा: "मांजरीऐवजी वाघ असता तर?"

नवखा माणूस काय करतो? डबल जंप घालायला बसतो, त्यात आठवडा जातो आणि आधीच्या सगळ्या लेव्हल मोडतात. किंवा पाचव्याचं ऐकून वाघ काढायला बसतो.

आता तुमची वही बघा. तिसऱ्या छपरावर पहिला ११ वेळा मेला, दुसरी १४ वेळा, तिसरा ९ वेळा, चौथा ८ वेळा, पाचवा २ वेळा. बाकी कुठेही कुणी तीनपेक्षा जास्त वेळा मेलेलं नाही. म्हणजे वर वर बघता चार वेगवेगळ्या तक्रारी दिसतात, पण दुखणं एकच आहे. पहिल्याला डबल जंप का हवी? ती फट ओलांडता येत नाही म्हणून. चौथ्याला कावळे कमी का हवेत? त्याच फटीच्या टोकाला कावळा बसलाय म्हणून. तिसरा म्हणतो बग आहे, पण बारकाईने बघितलंत तर तिथलं कौल घसरडं आहे आणि ते साध्या कौलासारखंच दिसतंय. उडीच्या आधी पाय सरकतो, ते त्याला कळत नाही.

औषध किती लहान आहे बघा. घसरड्या कौलावर हिरवं शेवाळ रंगवायचं आणि कावळा एक छप्पर पुढे सरकवायचा. अर्ध्या तासाचं काम! डबल जंपची गरजच नाही.

म्हणून नियम लक्षात ठेवा. लोक काय झालं ते सांगतात तेव्हा ते जवळजवळ नेहमी बरोबर असतात. काय करा ते सांगतात तेव्हा त्यांचं ऐका, मान डोलवा, पण आधी विचारा, "हे तुम्हाला कुठे हवंसं वाटलं?" उत्तरात खरं दुखणं सापडतं.

आणि ती दुसरी, "मला असले गेम जमतच नाहीत" म्हणणारी, तिच्याकडे विशेष लक्ष द्या. ती गेमला नावं ठेवत नाही, स्वतःला ठेवते. असं गिऱ्हाईक तक्रार न करता निघून जातं आणि परत येत नाही. सेलेस्टसारख्या मुद्दाम अवघड ठेवलेल्या गेममध्येही असिस्ट मोड आहे. वेग कमी करा, मरण बंद करा, ज्याला जसं झेपेल तसं खेळा. तुमच्या पहिल्या गेममध्ये निदान जास्तीचे चेकपॉइंट द्यायला काय हरकत आहे?

वहीत चार रकाने आखा.

बिघाड: गेम बंद पडला, मनी भिंतीत अडकली. एकाने सांगितलं तरी लगेच दुरुस्त.

गोंधळ: काय करायचं ते कळलं नाही. दोघांना झालं तर दुरुस्त.

अवघडपणा: कळलं, पण जमलं नाही. मरणाचे आकडे बघून ठरवा.

आवड: वाघ हवा, रंग वेगळा हवा. आभार माना आणि मागच्या पानावर लिहा.

सगळ्या अभिप्रायांना एकाच तागडीत तोलू नका, एवढंच.

अनोळखी माणसांसमोर

ओळखीच्यांच्या दोन फेऱ्या झाल्या की पाच लेव्हलचा गेम इच डॉट आयओवर फुकट टाका. तिथे गेम टाकायला फी नाही. ब्राउझरमध्ये खेळता येईल असा ठेवलात तर लोक जास्त खेळतात, कारण अनोळखी माणसाची फाइल डाउनलोड करायला सगळेच कचरतात.

इथे पहिला धक्का बसतो तो वाईट प्रतिक्रियेचा नसतो, शांततेचा असतो. कुणीच काही लिहीत नाही. घाबरू नका, नव्या दुकानात पहिले काही दिवस असंच असतं. दुसऱ्यांचे गेम खेळा, त्यांना प्रामाणिक आणि नेमका अभिप्राय द्या, मग ते तुमच्याकडे येतात. गेम जॅममध्ये भाग घ्या, तिथे एकमेकांचे गेम खेळायची रीतच असते.

आणि मग एक दिवस येतं: "बकवास गेम. कंट्रोल घाण आहेत. वेळ वाया गेला."

रात्री ११ वाजता हे वाचलंत, तर उत्तर सकाळी द्या. सकाळी असं लिहा: "खेळून बघितल्याबद्दल धन्यवाद. कंट्रोल कुठे त्रासदायक वाटले, उडी मारताना की पंजा मारताना? कीबोर्डवर खेळलात की कंट्रोलरवर? पुढच्या आवृत्तीत सुधारतोय." तीन गोष्टी झाल्या. भांडण टळलं, नेमकी माहिती मिळण्याची शक्यता तयार झाली आणि बाकी वाचणाऱ्यांना कळलं की दुकानदार जागेवर आहे. दुरुस्ती केलीत की तिथेच कळवा. आपलं म्हणणं ऐकून बदल झाला हे पाहिलेला माणूस तुमचा पुढचा गेम घेतो.

नुसती शिवी असेल, मुद्दा काहीच नसेल, तर सोडून द्या. बाजारात बसल्यावर धूळ उडणारच.

विकायचा कधी? आकडे समोर ठेवा

स्टीमवर गेम टाकायची फी १०० डॉलर. रुपयात ती डॉलरच्या भावाप्रमाणे बदलते, हिशोबासाठी ९,००० धरा. गेमची कमाई १,००० डॉलरवर गेली तर ही फी परत मिळते, एरवी नाही. विक्रीतला ३० टक्के हिस्सा स्टीमचा. फी भरल्यावर निदान ३० दिवस आणि "लवकरच येत आहे" हे पान लावल्यावर निदान दोन आठवडे थांबावं लागतं, तेव्हा गणपतीत विकायचा असेल तर गणपतीत फी भरून चालत नाही.

किंमत १९९ रुपये ठेवलीत आणि त्यात १८ टक्के जीएसटी आहे असं धरलं, तर कराशिवाय उरतात साधारण १६८. त्यातले ७० टक्के म्हणजे सुमारे ११८ रुपये तुमचे. नुसती फी वसूल व्हायला ७७ प्रती हव्यात. पहिल्या पानावरचे १९,२०० मिळवले तर २३९ प्रती. आता स्वतःला विचारा, माझ्या ओळखीबाहेरच्या २३९ माणसांपर्यंत मी कसा पोचणार? याचं उत्तर नसेल तर आत्ता विकू नका, फुकट ठेवा आणि शिका. इन्कम टॅक्स आणि परदेशी रकमेचं सीएला विचारून घ्या, ऐकीव माहितीवर चालू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीम पैसे परत करतं. पाच लेव्हलचा गेम दोन तासांत संपतो. म्हणजे पूर्ण खेळूनही कुणी पैसे परत मागू शकतो. छोटा गेम विकताना हे गृहीत धरा.

मोबाइलवर टाकायचा असेल तर गुगल प्लेची नोंदणी २५ डॉलर, एकदाच. पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. बघा, अभिप्राय घ्यायला आता गुगलसुद्धा भाग पाडतं! वहीतले पाच अधिक पाच असे दहा जण तुमच्याकडे आधीच असतील, आणखी दोघं शोधा.

मोठं व्हायचं नाही का मग?

व्हायचं ना. जपानचे दाइसुके अमाया यांनी केव्ह स्टोरी हा गेम एकट्याने, फावल्या वेळात, सुमारे पाच वर्षं घेऊन बनवला आणि २००४ साली फुकट दिला. तो जगभर खेळला गेला आणि पुढे विकलाही गेला. आपल्या पुण्याचं उदाहरण घ्या. नॉडिंग हेड्स गेम्सने राजी या आपल्या पुराणकथांवर आधारलेल्या गेमसाठी २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ठरवलेली रक्कम जमली नाही. त्यांनी काम थांबवलं नाही आणि २०२० साली राजी निन्टेंडो स्विचसह मोठ्या मंचांवर पोचला. पण ही माणसं काम शिकून बसलेली होती. आपण आत्ता बाराखडी गिरवतोय, त्यांचं धाडस बघून पहिल्याच गेमवर घर लावायचं नाही.

आठ आठवड्यांचं वेळापत्रक

पहिला-दुसरा: राखाडी चौकोन आणि उडी.
तिसरा: दोन लेव्हल, शेवटी पहिले पाच जण.
चौथा: फक्त दुरुस्ती. नवीन काही नाही.
पाचवा: उरलेल्या तीन लेव्हल.
सहावा: नवे पाच जण, परत दुरुस्ती.
सातवा: चित्रं, आवाज, सुरुवातीचा आणि शेवटचा पडदा.
आठवा: इच डॉट आयओवर टाका, प्रतिक्रियांना उत्तरं द्या आणि थांबा.

थांबा म्हणजे खरंच थांबा. नवव्या आठवड्यात वही घेऊन बसा आणि तीन गोष्टी लिहा: लोक कुठे हसले, कुठे अडकले, किती जणांनी शेवटपर्यंत खेळला. शेवटपर्यंत पोचणारे निम्म्याहून जास्त असतील तर मागचं पान उघडा आणि दुसऱ्या गेमची तयारी करा. फारच कमी असतील तर त्याच पाच लेव्हलवर एक फेरी आणखी करा, मग पुढे जा. दोन्हीपैकी काहीही झालं तरी नोकरी जागेवर आहे, बचत जागेवर आहे आणि एक पूर्ण झालेली वस्तू तुमच्या नावावर आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या गेमचं एक वाक्य, तीन क्रिया आणि दोन धोके वहीत लिहा. शेजारी पाच परीक्षकांची नावं लिहा, त्यात घरातलं एकही नको. गेम बनवत नसाल, तुमचा धंदा चटणीचा किंवा शिवणकामाचा असेल, तरी गृहपाठ तोच: पाच अनोळखी माणसं, तुमची वस्तू त्यांच्या हातात आणि दहा मिनिटं तुम्ही गप्प. त्या दहा मिनिटांत काय दिसलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. त्यातल्या नेमक्या अडचणी घेऊन पुढच्या व्हिडिओत एकेक सोडवू.

भेटू पुढच्या आठवड्यात.